सरासरीच्या आड दडलेली गर्दी

संगणकावर एखादी नोंद शोधायला किती वेळ लागतो, असे कोणालाही विचारले तर उत्तर येते : नोंदी जितक्या जास्त, तितका वेळ जास्त. हजार नावांच्या यादीपेक्षा लाख नावांच्या यादीत नाव शोधायला अधिक वेळ लागणारच. पण गेली सत्तर वर्षे एक पद्धत वापरात आहे, जिच्यात हे उत्तर लागू पडत नाही. नोंदी हजार असोत की कोटी, हवी ती नोंद जवळजवळ तेवढ्याच वेळात हाती येते. या पद्धतीला हॅशिंग म्हणतात. बँकांपासून रुग्णालयांपर्यंत असंख्य ठिकाणी आपल्या नकळत ती रोज वापरली जाते.

या हमीला एक अट जोडलेली आहे. नोंदी ठेवण्याचे खण पुरेसे हवेत, योग्य आकाराचे हवेत आणि नोंदी त्यांत सारख्या वाटल्या गेलेल्या हव्यात. ही अट मोडली तर फाइल तक्रार करत नाही, चुकीचे उत्तर देत नाही, बंदही पडत नाही. ती बरोबरच उत्तर देते, फक्त उशिरा. त्यामुळे दोष फाइलचा आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. खापर यंत्रावर, नेटवर्कवर, नाहीतर टेबलामागच्या कर्मचाऱ्यावर फुटते. अशा फाइली उघडून पाहण्याचे काम मी गेली बरीच वर्षे करत आलो आहे. शिक्षणाने मी या शास्त्राचा विद्यार्थी नाही. जे कळले ते जुनी मॅन्युअले वाचून आणि कागदावर आकडेमोड करून. त्यातले जे सर्वसामान्य वाचकालाही उपयोगी वाटावे, ते येथे मांडतो.

पत्ता शोधायचा नाही, काढायचा

कल्पना संगणकाच्या आधीची आहे. मोठ्या रुग्णालयांच्या अभिलेख कक्षात रुग्णांच्या फाइली पुष्कळदा क्रमांकाच्या शेवटच्या दोन अंकांनुसार लावतात. ००पासून ९९पर्यंत शंभर कप्पे असतात. ४५१२७३ या क्रमांकाची फाइल ७३च्या कप्प्यात जाते. यात दोन फायदे आहेत. एक म्हणजे क्रमांक पाहताच कप्पा कळतो, शोधाशोध करावी लागत नाही. दुसरा फायदा अधिक महत्त्वाचा. नवे रुग्ण ओळीने क्रमांक घेत येतात, त्यामुळे नव्या फाइली शंभरही कप्प्यांत सारख्या पसरतात. क्रमाने लावल्या असत्या तर सारी गर्दी शेवटच्या कपाटापाशी झाली असती आणि कर्मचारी एकमेकांच्या पायांत आले असते.

हॅशिंग म्हणजे हेच. नोंदीच्या ओळखक्रमांकावर एक ठरलेले गणित करायचे. उत्तर येईल तो खणाचा क्रमांक. नोंद ठेवताना हेच गणित आणि शोधतानाही हेच. मग त्या एका खणात मात्र एकेक नोंद तपासत जायचे. ‘हॅश’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ बारीक चिरून एकत्र केलेला पदार्थ, आपल्या भाषेत खिमा. क्रमांकाचा खिमा करून त्यातून पत्ता काढायचा, म्हणून हे नाव.

१९५३ साली आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी एका अंतर्गत टिपणात ही कल्पना खणांसह मांडली. १९५६ साली आर्नल्ड ड्यूमी यांनी ती छापील लेखात आणली आणि एका मूळ संख्येने भागून उरणारी बाकी हाच पत्ता धरावा, असे सुचवले. १९५७ साली वेस्ली पीटरसन यांनी आयबीएमच्या संशोधनपत्रिकेत तिचा सविस्तर अभ्यास केला. याच सुमारास, १९५६ साली, आयबीएमची ३०५ रॅमॅक ही चुंबकी तबकड्यांची साठवण असलेली यंत्रणा बाजारात आली होती. फितीवर शेवटची नोंद वाचायची तर आधीची सगळी फीत उलगडावी लागे. तबकडीवर हव्या त्या जागी थेट जाता येऊ लागले. जागा कोणती, हे सांगणारे गणित हवे होते आणि ते तयार होते.

या कल्पनेवर एक अख्खी डेटाबेस प्रणाली उभी राहिली, तिला पिक म्हणतात. १९६०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत टीआरडब्ल्यू या कंपनीत डॉन नेल्सन आणि डिक पिक यांनी अमेरिकी लष्कराच्या शायेन हेलिकॉप्टर प्रकल्पातील सुट्या भागांची माहिती ठेवण्यासाठी ती रचली. १९७३ साली मायक्रोडेटा कंपनीने ती ‘रिॲलिटी’ या नावाने बाजारात आणली. युनिव्हर्स आणि युनिडेटा या तिच्याच वंशातल्या प्रणाली. कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत त्या आयबीएमकडे गेल्या आणि २००९पासून रॉकेट सॉफ्टवेअरकडे आहेत. या वंशातल्या फाइली तपासायला सोप्या, कारण त्यांचे खण, त्यांची संख्या आणि त्यांतली गर्दी बाहेरून पाहता येते. म्हणून पुढचे विवेचन मुख्यतः त्यांच्याच आधाराने करतो.

सूत्र कसे चालते

पिकचे मूळ सूत्र कागदावर करून पाहता येईल इतके सोपे आहे. संगणकात प्रत्येक अक्षराला आणि अंकाला एक सांकेतिक आकडा असतो. ० या अंकाचा ४८, १चा ४९, असे ९चा ५७पर्यंत. सूत्र असे : शून्यापासून सुरुवात करा, हाती असलेल्या संख्येला दहाने गुणा आणि पुढच्या चिन्हाचा आकडा मिळवा. ओळखक्रमांक संपेपर्यंत असे करत जा. शेवटी खणांच्या संख्येने भागा. बाकी उरेल तो खण.

ओळखक्रमांक १२५ घेऊ. त्याचे आकडे ४९, ५० आणि ५३. ४९ला दहाने गुणून ५० मिळवले की ५४०. त्याला दहाने गुणून ५३ मिळवले की ५४५३. खण सात असतील तर ५४५३ला सातने पूर्ण भाग जातो, बाकी शून्य. म्हणून नोंद शून्य क्रमांकाच्या खणात. १२६साठी ५४५४, बाकी एक, म्हणजे शेजारचा खण. ओळीने येणारे क्रमांक ओळीने खणांत पडतात.

आता खण सातऐवजी दहा ठेवा. ५४५३ची बाकी ३ येते. पण ही बाकी ठरवली कोणी? फक्त शेवटच्या चिन्हाने. आधीच्या सगळ्या चिन्हांना किमान एकदा दहाने गुणलेले आहे, त्यामुळे दहाने भागताना ती बाकीत उरतच नाहीत. खण शंभर असतील तर शेवटची दोनच चिन्हे मोजली जातात, हजार असतील तर शेवटची तीन. बाकीचा ओळखक्रमांक कितीही लांब असो, तो वाया गेला.

म्हणून पिकच्या जाणकारांचा जुना नियम होता : खणांची संख्या दोनच्या किंवा पाचच्या पटीत नसावी, शक्यतो मूळ संख्या असावी. यात अंकांची काही जादू नाही. मूळ संख्येशी दहाचा सामाईक भाजक नसतो, त्यामुळे ओळखक्रमांकातले कोणतेच चिन्ह बाकीतून गळून पडत नाही, इतकेच. आणखी एक उदाहरण : एखाद्या संस्थेचे खातेक्रमांक दहादहाच्या अंतराने दिलेले आहेत, ११०, १२०, १३०. शंभर खणांत हे क्रमांक दहाच खण वापरतील, नव्वद कायम रिकामे. खण १०१ करा, सगळे वापरात येतील. एका खणाचा फरक आणि दहापट गर्दी कमी!

सरासरी काय लपवते

फाइल तपासायला बसलेला माणूस आधी एक भागाकार करतो : एकूण नोंदी भागिले एकूण खण. उत्तर बरे दिसले की फाइल ठीक आहे असे म्हणून पुढे जातो. इथेच फसगत होते.

मुंबईच्या लोकलचे उदाहरण घेऊ. एका डब्यात १० माणसे आहेत, दुसऱ्यात १९०. डब्यामागे सरासरी १००. पण प्रवाशांना विचारा. दोनशेपैकी १९० जण सांगतील की आमच्या डब्यात १९० माणसे होती. प्रत्येक प्रवाशाने अनुभवलेल्या गर्दीची सरासरी काढली तर ती १८१ येते. रेल्वेच्या कागदावर १००, प्रवाशाच्या अंगावर १८१. दोन्ही आकडे खरे आहेत, मात्र ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

फाइलीत प्रवासी म्हणजे नोंदी. हजार नोंदी शंभर खणांत दहा-दहा अशा वाटलेल्या असतील तर एक नोंद शोधताना सरासरी साडेपाच नोंदी पाहाव्या लागतात. त्याच हजार नोंदी दहाच खणांत शंभर-शंभर कोंबलेल्या असतील, बाकी नव्वद रिकामे, तरीही खणामागे सरासरी दहाच! पण शोधताना सरासरी साडेपन्नास नोंदी पाहाव्या लागतात. काम नऊपटीहून जास्त आणि सरासरीच्या चेहऱ्यावर रेषही हललेली नाही.

जी नोंद फाइलीत नाहीच, तिचा शोध आणखी महाग. असलेली नोंद वाटेत सापडते आणि शोध थांबतो. नसलेली नोंद नाही, असे सांगायला मात्र सगळा खण शेवटपर्यंत वाचावा लागतो. नवी नोंद घालतानाही हेच, कारण हा क्रमांक आधीपासून नाही ना, याची खात्री करावी लागते. म्हणजे गर्दीचा सर्वांत मोठा फटका नव्याने येणाऱ्याला बसतो.

मग सगळे खण अगदी सारखे भरलेले असावेत का? तसे होत नाही आणि होण्याची अपेक्षाही करू नये. नोंदी निव्वळ योगायोगाने पडत आहेत असे धरून खणामागे सरासरी पाच नोंदी असतील, तर संभाव्यतेच्या हिशेबाने दर हजार खणांपैकी साधारण सात रिकामे राहतात आणि बत्तीसच्या आसपास खणांत दहा किंवा अधिक नोंदी जमतात. इतका चढउतार निरोगी फाइलीतही असतो. याहून बराच जास्त दिसला तर सूत्र आणि ओळखक्रमांक यांचे जमत नाही, असे समजावे.

युनिव्हर्समध्ये हे पाहायला ‘ग्रुप.स्टॅट’ नावाची आज्ञा आहे. ती प्रत्येक खणासमोर त्यातले बाइट, नोंदींची संख्या आणि नोंदींइतक्या बाणांची ओळ छापते. आकडे वाचण्याची गरज नसते. कागद हातभर दूर धरला तरी कळते. ओळींची टोके थोडी मागेपुढे पण एकंदर एका रेषेत असतील तर वाटणी बरी. मधूनच एखादी ओळ पानाबाहेर जात असेल आणि तिच्या शेजारी कोऱ्या ओळी असतील तर दुखणे सापडले. ‘फाइल.स्टॅट’ सगळ्या फाइलचा गोषवारा देते. ‘हॅश.टेस्ट’ त्याहून मोलाची आहे. खणांची संख्या किंवा सूत्र बदलले तर वाटणी कशी दिसेल, हे ती मूळ फाइलला हात न लावता दाखवते. आधी पाहा, मग करून पाहा, मग बदला, असा क्रम तिच्यामुळे शक्य होतो.

डिसेंबरात मंद, जानेवारीत चपळ

एका रुग्णालयात अशीच एक फाइल पाहण्यात आली. बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीवर केसपेपर निघायला इतका वेळ लागे की सकाळची रांग फाटकाबाहेर जाई. लांबून आलेली माणसे रांगेतच दुपार करत. यंत्र जुने झाले, नवे घ्यायला हवे, असे सर्वांचे मत होते आणि दरपत्रकेही मागवली होती.

माझे लक्ष एका कर्मचाऱ्याच्या बोलण्याकडे गेले. ते म्हणाले, “साहेब, जानेवारीत मशिन चांगलं पळतं. दिवाळीनंतर बसायला लागतं आणि डिसेंबरात तर चहा पिऊन यावं.” यंत्र जुने झाले असेल तर ते दर जानेवारीत तरुण कसे होते? सुट्ट्यांत साफसफाई होते म्हणून, असे त्यावर तिथे सांगत.

उत्तर ओळखक्रमांकात होते. त्या फाइलीत ओळखक्रमांक रुग्णक्रमांक, मग एक तारांकित चिन्ह, मग वर्ष, असा जोडून केलेला होता. पिक वंशातल्या प्रणालींत ही रीत सर्रास दिसते. आणि खण होते एक हजार. मूळ सूत्र हजार खणांना शेवटची तीनच चिन्हे पाहते, हे वर आलेच आहे. ज्या ओळखक्रमांकाच्या शेवटी २०१९ आहे, त्याची शेवटची तीन चिन्हे ०१९. त्यांचे आकडे ४८, ४९, ५७. सूत्राने ५३४७, हजाराने भागून बाकी ३४७. म्हणजे २०१९ सालचा प्रत्येक रुग्ण ३४७ क्रमांकाच्या खणात! २०२०चे सगळे ३४८मध्ये. हजार खणांच्या त्या फाइलीत जितकी वर्षे होती तितकेच खण वापरात होते.

जानेवारीचे कोडेही सुटले. नवे वर्ष लागले की नवा, रिकामा खण. वर्षभर तो भरत जाई आणि प्रत्येक नव्या नोंदणीला आदल्या सगळ्या नोंदी वाचाव्या लागत. जुन्या रुग्णाचा मागच्या वर्षीचा कागद काढायचा तर बाराही महिने तेच. ‘ग्रुप.स्टॅट’सारख्या छपाईत कोऱ्या ओळींमागून कोऱ्या ओळी आणि मधे काही न संपणाऱ्या ओळी, असे ते चित्र होते.

खणांची संख्या मूळ संख्या करून फाइल नव्याने मांडली गेली. यंत्र तेच राहिले. दरपत्रके फाइलबंद झाली. खिडकीवरची रांग फाटकाच्या आत आली. हजार हा आकडा ज्याने कोणी निवडला, त्याने तो नीटनेटका दिसतो म्हणून निवडला असणार. आपल्या मनाला गोल आकडे आवडतात, या सूत्राला मात्र ते मानवत नाहीत.

किती खण, केवढे खण

वाटणी सुधारणे हा एक भाग झाला. खण पुरेसे आहेत का, हा दुसरा. त्याचा हिशेब घरी करता येतो. समजा, फाइलीत ६०,००० नोंदी आहेत आणि एक नोंद सरासरी २०० बाइटची आहे. एकूण १,२०,००,००० बाइट. युनिव्हर्समध्ये खणाचा आकार ५१२ बाइटच्या पटीत देतात. चारची पट घेतली तर खण २०४८ बाइटचा. तो काठोकाठ भरायचा नाही. शेकडा ऐंशी भरावा, वीस टक्के चढउताराला आणि वाढीला. म्हणजे १६३८ बाइट कामाचे. एक कोटी वीस लाख भागिले १६३८, उत्तर सुमारे ७३२५. त्याच्या पुढची मूळ संख्या ७३३१. म्हणून खण ७३३१. दर खणात आठ-नऊ नोंदी.

हीच फाइल लहान असताना १००९ खणांनी सुरू केली होती असे समजा. आज दर खणाच्या वाट्याला सुमारे ५९ नोंदी, म्हणजे ११,९०० बाइटच्या आसपास येतात. खणात मावतात २०४८. उरलेल्या नोंदी जोडखणांत जातात, यालाच ओव्हरफ्लो म्हणतात. मूळ खण भरला की जोडखण, तो भरला की त्याला जोडून आणखी एक, अशी सहा डब्यांची गाडी तयार होते. शेवटच्या डब्यातली नोंद हवी तर आधीचे पाचही उघडावे लागतात. फिरत्या तबकडीवर हे डबे एकमेकांशेजारी असतीलच असे नाही, त्यामुळे दर डब्याला वाचणारे टोक नव्या जागी न्यावे लागते. आजच्या सॉलिड स्टेट डिस्कवर हा दंड कमी झाला आहे, पण सहा वाचने ती सहाच.

मग एकदम लाखभर खण का करू नयेत? कारण दुसरी बाजूही आहे. एक नोंद काढताना रिकामे खण आड येत नाहीत, पण महिनाअखेरचा अहवाल सगळी फाइल वाचतो. त्याला रिकामे खणही उघडून पाहावे लागतात. फार मोठी फाइल खिडकीवर चपळ आणि अहवालाला सुस्त होते. वाढीचा अंदाज घेऊन थोडी मोकळीक ठेवावी, उगाच महाल बांधू नये.

फाइल नव्याने मांडण्याचे काम ‘रिसाइझ’ ही आज्ञा करते. त्याआधी पथ्ये तीन. पूर्ण बॅकअप घ्यावा. फाइल कोणी वापरत नसेल अशी वेळ निवडावी. आणि डिस्कवर जुनी व नवी अशा दोन्ही प्रतींपुरती जागा आहे हे पाहावे. काम झाल्यावर नोंदींची संख्या आधीइतकीच आहे, याची मोजणी करावी.

स्वतः वाढणाऱ्या फाइली

हे सगळे हाताने करायची गरज पडू नये, असा विचार १९७०च्या दशकाच्या अखेरीस झाला. १९७९ साली फॅगिन, नीवरगेल्ट, पिपेंजर आणि स्ट्राँग यांनी विस्तारक्षम हॅशिंग मांडले. १९८० साली विटोल्ड लिटविन यांनी रेषीय हॅशिंग मांडले. युनिव्हर्सच्या ३० क्रमांकाच्या प्रकारच्या फाइली या दुसऱ्या कल्पनेवर चालतात.

लिटविन यांची युक्ती मजेशीर आहे. फाइल एकूण शेकडा ऐंशीपेक्षा जास्त भरली की एक खण दुभंगायचा. कोणता? जो भरला आहे तो नव्हे, ज्याची पाळी आहे तो. आधी शून्य, मग एक, मग दोन. आठ खण असताना शून्याची पाळी आली तर त्यातल्या नोंदींना आठऐवजी सोळाने भागायचे. काही शून्यातच राहतात, काही आठ क्रमांकाच्या नव्या खणात जातात. बाकीचे खण जागचे हलत नाहीत. एक अख्खी रात्र काम बंद ठेवण्याऐवजी रोज थोडे थोडे घर वाढवायचे. नोंदी काढून टाकल्या आणि भार पन्नास टक्क्यांखाली गेला की खण पुन्हा एकत्र होतात.

अशा फाइलींना तपासणी लागत नाही, हा मात्र भ्रम आहे. ऐंशी टक्के हा आकडा सगळ्या फाइलीची सरासरी आहे आणि सरासरी काय लपवते हे आपण पाहिले. शिवाय नवी फाइल एका खणापासून सुरू होते. तिच्यात एकदम लाख नोंदी ओतल्या तर तिला हजारो वेळा दुभंगावे लागते. किती नोंदी येणार हे माहीत असेल तर किमान खणसंख्या आधीच सांगून ठेवावी. काही नोंदी फार मोठ्या असतील तर खणाचा आकार वाढवावा का, हेही पाहावे. यंत्र आपली कामे आपण करते, पण त्याला कल्पना द्यावी लागते.

हा प्रश्न जुन्या प्रणालींपुरता नाही. जावा भाषेतला हॅशमॅप शेकडा ७५ भरला की स्वतः मोठा होतो. आवृत्ती ८पासून त्याच्या एका खणात आठांहून अधिक नोंदी साठल्या आणि तक्ता पुरेसा मोठा असला, की तो त्या खणापुरती साखळी मोडून झाडाची रचना करतो. गर्दीचा एखादा खण निघणारच, हे तिथेही गृहीत धरलेले आहे.

मराठी नावे आणि यंत्राचे डोळे

हे सारे शास्त्र इंग्रजी अक्षरे आणि अंक डोळ्यांसमोर ठेवून वाढले. ओळख देवनागरीत आली की काय होते, ते आपणच तपासायला हवे. आता नावांच्या सूच्या देवनागरीत ठेवल्या जातात, म्हणून हा प्रश्न आपल्या दाराशी आहे.

यूटीएफ-८ या रूढ संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त, तीन बाइट घेते. त्यातला पहिला बाइट नेहमी २२४. दुसरा १६४ किंवा १६५. वेगळेपण जवळजवळ सगळे तिसऱ्या बाइटात. ‘शिंदे’ या नावाचे पंधरा बाइट होतात, पण त्यांतले दहा जवळपास काहीच सांगत नाहीत.

आता पिकचे मूळ सूत्र हजार खणांसह या बाइटांवर चालवू. शेवटचे तीनच बाइट मोजले जातात, म्हणजे बरोबर एक चिन्ह. ‘र’चे बाइट २२४, १६४, १७६. सूत्राने २४,२१६, बाकी २१६. म्हणजे केळकर, नगरकर, निंबाळकर, पेडणेकर, जगातले सगळे ‘कर’ २१६ क्रमांकाच्या एकाच खणात! पवारही त्यांच्यात. शिंदे, मोरे, काळे, भोसले शेवटच्या मात्रेमुळे दुसऱ्या एकाच खणात. कोकणापासून गोव्यापर्यंतच्या आडनावांची सूची अशी ठेवली तर दोन-तीन खणांवर तिचा भार पडेल. उपाय तोच, मूळ संख्या आणि सगळी ओळख पाहणारे सूत्र. युनिव्हर्समध्ये सूत्रांचे निरनिराळे प्रकार आहेत. काही ओळखीच्या शेवटच्या भागावर भर देतात, काही सुरुवातीच्या, आणि १८वा प्रकार कशाही ओळखीसाठी आहे. आडनावांसाठी शेवटाकडे पाहणारा प्रकार घेणे म्हणजे ‘कर’ मोजत बसणे.

दुसरी अडचण वेगाची नाही, सत्याची आहे. ‘गोऱ्हे’ हे नाव घ्या. त्यातला ऱ्ह संगणकावर एकापेक्षा जास्त प्रकारे टंकता येतो. ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन, किंवा ‘र’खाली नुक्ता देऊन मग हलन्त. पडद्यावर आणि कागदावर दिसायला सारखेच. बाइट मात्र वेगळे, म्हणून खण वेगळा. एका कर्मचाऱ्याने एका कळफलकावर नोंदवलेले नाव दुसऱ्याने दुसऱ्या कळफलकावर शोधले की यंत्र निर्विकारपणे सांगते, अशी नोंद नाही. युनिकोडचे ठरलेले प्रमाणीकरण पहिला आणि तिसरा प्रकार एक करते, अदृश्य जोडचिन्हाच्या प्रकाराला ते हात लावत नाही. त्याचा नियम आपणच लिहावा लागतो : नाव खणात जाण्याआधी एकाच रूपात आणायचे. देवनागरी १२ आणि रोमन पद्धतीचे १२ यांचेही तसेच.

ज्या बाईंचे नाव यादीत आहे, ज्यांनी स्वतः ते पडद्यावर पाहिले आहे, त्यांना खिडकीवर ‘तुमचे नाव नाही’ असे सांगितले जाते, तेव्हा कोणीच खोटे बोलत नसते. सांगणारा कर्मचारीही नाही, ऐकणाऱ्या बाईही नाहीत. यंत्राने फक्त दुसऱ्या खणात पाहिलेले असते. पण परतीचे भाडे बाईंच्या पदरचे जाते.

फाइल संथ झाली किंवा नोंद सापडेना झाली, तर नवे यंत्र मागवण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात, असे मी अशा कामासाठी बोलावणाऱ्यांना सांगतो. ओळखक्रमांक कसा घडवला आहे? त्याचा कोणता भाग सूत्रापर्यंत पोचतो? आणि सर्वांत गर्दीच्या खणात किती नोंदी आहेत? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरासरीत मिळत नाही. त्यासाठी ओळींचा तो कागद छापून घ्यावा आणि त्यातली सर्वांत लांब ओळ बोटाने धरून ती कोणाची आहे ते वाचावे.